विजापूर: तट, पाणी आणि घुमट

भीमा आणि कृष्णा या दोन नद्यांच्या मधल्या उघड्या पठारावर, सोलापूरच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर विजापूर वसले आहे. गावाला लागून मोठी नदी नाही, आडोशाला डोंगर नाही, पाऊसही बेताचा. खडक काळा आणि कठीण, उन्हाळा कडक. तरीही सुमारे दोनशे वर्षे, १४९० पासून १६८६ पर्यंत, दख्खनच्या राजकारणाचा एक मोठा भाग इथूनच चालत होता. आदिलशाहीची ही राजधानी पाहायला येणारा माणूस गोलघुमट पाहतो आणि बहुधा तिथेच थबकतो. घुमट आहेच तसा. पण नदी नसलेल्या माळावर लाखो माणसे आणि जनावरे जगवणारे पाणी आणि त्या वस्तीला सांभाळणारा तट या दोन गोष्टी आधी उभ्या राहिल्या, म्हणून मशिदी, महाल आणि मकबरे उभे राहू शकले. विजापूरचा इतिहास त्या क्रमाने वाचला तरच नीट उलगडतो.

आदिलशहांच्या आधीही इथे गाव होते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून विजयपूर या नावाने ते ओळखले जाई, पुढे ते देवगिरीच्या यादवांकडे आले. उत्तरेतून आलेल्या खिलजी फौजांनी यादवांची सत्ता संपवल्यावर दिल्लीचा अधिकारी इथे बसू लागला. त्या काळाची खूण बालेकिल्ल्यात अजून उभी आहे. करीमुद्दीनची मशीद १३२० मधली. तिचे खांब, तुळया आणि दरवाजाचा भाग जुन्या देवळांचे आहेत, आणि तिथल्या शिलालेखात रेवय्या या स्थानिक कारागिराचे नाव आहे. सत्ता बदलली, श्रद्धास्थान बदलले, त्या बदलात देवळे मोडली गेली, आणि दगड घडवणारे हात मात्र तिथलेच राहिले. विजापूरच्या पुढच्या सगळ्या बांधकामाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण इराण आणि तुर्कस्तानाकडून आलेल्या कल्पना इथे स्थानिक पाथरवटांच्या छिन्नीतून उतरल्या.

बहामनी राज्यात विजापूर हा एका सुभ्याचा मुख्य गाव होता. बहामनींचा कर्तबगार वजीर महमूद गवान याचा १४८१ मध्ये राजाज्ञेने शिरच्छेद झाला आणि त्या राज्याला उतरती कळा लागली. सुभेदार एकेक करून स्वतंत्र झाले. विजापूरचा युसुफ आदिलखान हा त्यांपैकी एक. त्याच्या वंशाविषयी अनेक कथा आहेत, पण त्याने शिया पंथ स्वीकारला, परदेशी सरदारांना आश्रय दिला आणि त्याची सत्ता गोव्यापर्यंत होती, एवढे निश्चित. फेरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याने एका मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केले, आणि तिचाच मुलगा इस्माईल पुढे गादीवर आला. १५१० हे साल या घराण्याला फार जड गेले. मार्चमध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, युसुफने तो परत मिळवला, पण त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा कायमचा जिंकला.

युसुफ आणि त्याच्या पहिल्या वारसांच्या कबरी विजापुरात नाहीत. त्या गोगी या गावी, एका सूफी संताच्या दर्ग्याजवळ आहेत. म्हणजे पहिली साठ-सत्तर वर्षे विजापूर ही मुख्यतः लष्करी ठाण्याची जागा होती. या काळातला महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी निर्णय दगडात कोरलेला नाही, तो दप्तरात झाला. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) परदेशी सरदारांना दूर सारून दख्खनी माणसांना जवळ केले, आणि महसुलाचा हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती ठेवायला सुरुवात केली. आदिलशाहीच्या मराठी मुलखातली असंख्य मोडी कागदपत्रे, देशमुख-देशपांड्यांच्या वतनांच्या तंट्यांचे महजर म्हणजे निवाडपत्रे, फारसी आणि मराठी अशा दोन भाषांतली फर्माने हा त्या धोरणाचा वारसा आहे. मराठी माणसाला राज्यकारभाराची जी सवय लागली, तिचा एक उगम या दप्तरात सापडतो.

पहिला अली आदिलशहा १५५८ मध्ये गादीवर आला आणि ठाण्याची राजधानी झाली. बालेकिल्ल्यात त्याने १५६१ मध्ये गगनमहाल बांधला. हा दरबाराचा महाल. त्याच्या दर्शनी भागातली मधली कमान सुमारे १८ मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंच्या कमानी उंचीला तेवढ्याच पण अरुंद. समोरच्या मोकळ्या जागेत जमलेल्या लोकांना सुलतान स्पष्ट दिसावा, अशी ही योजना होती. वरचे मजले आणि छप्पर लाकडाचे होते, ते आज नाहीत. कमान तेवढी टिकली. तिच्याखाली उभे राहिले की विजापूरच्या कारागिरांना रुंद गाळ्याची भीती का वाटत नसे ते कळते. गोलघुमटाच्या धाडसाची पहिली पायरी ही आहे.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या काठी राक्षसगी आणि तंगडगी या गावांच्या परिसरात विजयनगरची फौज आणि दख्खनच्या सुलतानांची एकत्र फौज यांच्यात लढाई झाली. इतिहासात ती तालिकोटची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. या एकजुटीसाठी आधी सोयरिकी झाल्या होत्या. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आला. लढाईत विजयनगरचा कर्ताधर्ता रामराय मारला गेला, विजयनगर लुटले गेले, आणि दक्षिणेकडचा मुलूख विजापूरला खुला झाला. पुढच्या शतकभराच्या बांधकामाचा पैसा मुख्यतः त्या दिशेने आला.

शहराचा तट याच सुमारास पुरा झाला. त्याचा घेर जवळजवळ १० किलोमीटर, बुरूज ९६, बाहेरून खंदक. पाच मोठे दरवाजे: पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहामनी, पूर्वेला अल्लापूर आणि दक्षिणेला मंगोळी. तटाच्या कामाची वाटणी सरदारांमध्ये केली होती. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा भाग आपल्या ऐपतीप्रमाणे आणि हौसेप्रमाणे बांधला, म्हणून तटाची घडण सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी घडीव दगडांचे नेटके थर आहेत, काही ठिकाणी ओबडधोबड बांधणी. एका राजाच्या हुकमाने पण अनेकांच्या हातांनी झालेले काम कसे दिसते, हे तटावरून फेरी मारताना पावलोपावली जाणवते.

तटापासून थोडे आत, सगळ्यांत उंच जागी उपळी बुरूज आहे. सुमारे २४ मीटर उंचीचा हा गोल मनोरा हैदरखान या सरदाराने १५८४ मध्ये बांधला, म्हणून त्याला हैदर बुरूजही म्हणतात. तट बांधला जात असताना हैदरखान मोहिमेवर होता, आपला वाटा राहून गेला याची त्याला खंत वाटली, आणि त्याने सगळ्या बुरुजांहून उंच बुरूज बांधण्याची परवानगी मागितली, अशी कथा सांगतात. बाहेरून वळत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांनी वर गेले की लांबच लांब तोफा दिसतात. लमछडी नावाची तोफ ९ मीटरांहून अधिक लांब आहे. लोखंडी पट्ट्या उभ्या जुळवून त्यांवर कडी ठोकून ती तयार केलेली आहे. इथून सगळे शहर आणि चहूकडचा सपाट माळ एका नजरेत येतो, आणि या ठिकाणी तट का हवा होता ते वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वांत प्रसिद्ध तोफ मात्र पश्चिम तटावरच्या शेर्झा बुरुजावर आहे. मलिक-ए-मैदान, लोकांच्या तोंडी मुलुखमैदान. ही विजापूरची नव्हे, अहमदनगरची. महंमद बिन हुसेन रूमीखान या तुर्की तोफ ओतणाऱ्याने निजामशहासाठी १५४९ मध्ये ती ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साधारण १४ फूट, नळीचा व्यास २ फूट ४ इंच. तोंडाकडचा भाग जबडा पसरलेल्या सिंहाचा आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला दाखवला आहे. तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने पिशव्यांतून तांब्याची नाणी भरून डागल्याची हकीकत याच तोफेशी जोडली जाते. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाही दरबारातला मातबर कारभारी मुरार जगदेव याने ती तिथून विजापूरला आणली. ५५ टनांचे धूड बैलांच्या आणि हत्तींच्या बळावर परांड्यापासून भीमा ओलांडून इथवर आणणे हा पराक्रम कोणत्याही लढाईइतकाच मोठा मानला पाहिजे. तिची जोडीदार कडकबिजली ही तोफ अशाच वाहतुकीत नदीत बुडाल्याचे सांगतात. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, मुलुखमैदान लिलावात निघाली आणि १५० रुपयांची बोली लागली. एवढ्या रकमेला ती जाणे शोभणार नाही असे वाटल्यावर विक्री रद्द झाली. त्या एका रद्द झालेल्या व्यवहारामुळे ती आज जागेवर आहे.

तटाच्या बरोबरीने अली आदिलशहाने पाण्याचे काम हाती घेतले. शहराच्या पश्चिमेला तोरवी हे गाव आहे. तिथे पाणी अडवून जमिनीखालच्या बोगद्यातून ते शहराकडे आणले. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने उसासे, म्हणजे वरपर्यंत येणाऱ्या विहिरी खोदल्या, ज्यांतून खोदताना माती काढता येई आणि पुढे साफसफाई करता येई. ही पद्धत इराणकडची; बिदर, औरंगाबाद आणि बुऱ्हाणपूर इथेही ती दिसते. पुढे महंमद आदिलशहाच्या काळात शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव झाला आणि तिथून खापरी नळांनी पाणी निघाले. हे नळ चुन्यात आणि दगडात बसवून जमिनीत खोल पुरले होते. शहरात ठिकठिकाणी चौकोनी दगडी मनोरे उभे आहेत, त्यांना गंज म्हणतात. पाहणाऱ्याला ते टेहळणीचे बुरूज वाटतात. खरे तर ते पाण्याचे मनोरे. नळातले पाणी त्यांत चढे, गाळ तळाशी बसे, दाब कमी होई आणि मग पाणी पुढच्या पेठांकडे, महालांकडे, मशिदींच्या हौदांकडे जाई. यामुळे नळ फुटत नसत.

बावड्या हा या व्यवस्थेचा दुसरा भाग. पूर्वेच्या बाजूला चांदबावडी अली आदिलशहाने १५७९ मध्ये बांधली, ती चांदबीबीच्या नावाने ओळखली जाते. पश्चिमेला मक्का दरवाजाजवळची ताजबावडी १६२० मधली, दुसऱ्या इब्राहिमच्या राणीच्या, ताज सुलतानाच्या नावाची. प्रशस्त चौकोनी हौद, रस्त्याकडून सुमारे १० मीटर रुंदीची भव्य कमान, तिच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे आणि आत काठाने वाटसरूंसाठी ओवऱ्या. पाणी भरण्याच्या जागेला राजवाड्याच्या दरवाजाचा थाट दिलेला आहे. पाण्याला या शहरात केवढा मान होता, ते इथे दिसते. बालेकिल्ल्यातला सातमंजिल हा १५८३ चा उंच महालही पाण्याशी खेळणारा होता. त्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत नळ गेल्याच्या खुणा भिंतीत दिसतात, आणि समोरच चहूबाजूंनी पाणी असलेली जलमंजिल ही इवलीशी देखणी वास्तू आहे.

जामी मशीद हे अली आदिलशहाच्या महत्त्वाकांक्षेचे सर्वांत शांत रूप. तिचे काम १५७० च्या दशकात सुरू झाले आणि पुढच्या राजांच्या काळातही ती पूर्ण झाली नाही. पूर्वेच्या बाजूचे मनोरे उभे राहिलेच नाहीत. तरी एकूण क्षेत्र १०,००० चौरस मीटरांहून अधिक भरते. नमाजाच्या दालनाला दर्शनी बाजूने नऊ कमानी आहेत. आतले जाड चौकोनी खांब आणि त्यांवरच्या कमानी यांनी दालनाचे ४५ चौकोन पाडले आहेत. मधल्या नऊ चौकोनांची जागा एकत्र करून तिच्यावर मोठा घुमट पेलला आहे. इथे सजावट जवळजवळ नाही. पांढरा चुना, कमानींच्या रेषा आणि सावल्या एवढेच. विजापूरमध्ये सर्वांत निर्दोष प्रमाणबद्धता कुठे असेल तर ती इथे, गोलघुमटात नव्हे. मेहराब मात्र पुढे १६३६ मध्ये महंमद आदिलशहाच्या हुकमाने सोनेरी आणि रंगीत चित्रकामाने मढवली. औरंगजेबाने शहर जिंकल्यावर इथले मौल्यवान गालिचे नेले आणि फरशीवर एकेका माणसाच्या नमाजाची जागा रेषांनी आखून दिली, असे सांगतात. अशा चौकटी सव्वादोन हजारांच्या आसपास आहेत.

अलीचा १५८० मध्ये खून झाला. वारस म्हणून आलेला त्याचा पुतण्या, दुसरा इब्राहिम, नऊ वर्षांचा होता. चांदबीबीने कारभार हाती घेतला, पण दरबारातल्या गटबाजीत तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत राहावे लागले. सुटल्यावर ती पुन्हा कारभारात आली आणि नंतर माहेरी अहमदनगरला गेली. मोगलांविरुद्ध तिने दिलेली झुंज पुढची, १५९५-९६ ची. इब्राहिम वयात आल्यावर विजापूरला त्याचा सर्वांत सुसंस्कृत राजा मिळाला. त्याने दख्खनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह रचला, त्यात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. फारसी कवी जुहुरी, इतिहासकार फेरिश्ता, चित्रकार फारुख हुसेन अशी माणसे त्याच्या आश्रयाला होती. १५९९ मध्ये त्याने तोरवीजवळ नवरसपूर या नव्या नगरीची पायाभरणी केली. संगीत आणि कलांसाठी वसवलेली ही नगरी १६२४ मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या फौजेने उद्ध्वस्त केली, आणि ती पुन्हा कधीच सावरली नाही.

याच काळात विजापूरच्या दगडाला लाकडाचे लालित्य आले. मेहतर महाल हे नाव महालाचे असले तरी ती एका लहान मशिदीची देवडी आहे. तिच्या सज्जाला पेलणारे दगडी घोडे इतके नाजूक कोरले आहेत की त्यांवर भार आहे हेच पटत नाही. पातळ दगडी पट्ट्या, त्यांवर पक्षी, वेली, जनावरे. सुतारकामातला प्रत्येक सांधा दगडात उतरवला आहे.

या शैलीचा कळस म्हणजे तटाबाहेर पश्चिमेला असलेला इब्राहिम रोजा. राणी ताज सुलतानासाठी तो बांधायला घेतला. राजा १६२७ मध्ये वारला आणि तोही तिथेच विसावला. एका उंच जोत्यावर मकबरा आणि मशीद समोरासमोर आहेत, मध्ये हौद आणि कारंजे. मकबऱ्याच्या चारी कोपऱ्यांना सडपातळ मनोरे, त्यांच्या जोडीला लहान लहान मनोऱ्यांची रांग आणि वर कमळाच्या पाकळ्यांतून उमललेला घुमट. बाहेरच्या भिंतींवर अरबी अक्षरे आणि नक्षी एकमेकांत मिसळून कोरलेली आहेत. खिडक्यांत तर दगड कोरून अक्षरांचीच जाळी केली आहे आणि अक्षरांच्या मधून उजेड आत येतो. या कामाचा प्रमुख मलिक संदल; शिलालेखात त्याचे नाव आहे. आतल्या कबरीच्या दालनाचे छत पाहण्यासारखे आहे. सपाट दगडी पाट्या एकमेकींना लागून बसवल्या आहेत आणि मधल्या मोठ्या भागाला खालून कसलाच आधार दिसत नाही. चुन्याची ताकद आणि कडेच्या वक्र भागाची रचना यांवर ते तोललेले आहे. समोरच्या मशिदीच्या छज्जाखाली एकाच दगडातून कोरून काढलेल्या साखळ्यांचे तुकडे अजून लोंबताना दिसतात. सौंदर्याचा विचार केला तर विजापुरात पहिला मान या वास्तूचाच.

इब्राहिमचा मुलगा महंमद १६२७ ते १६५६ गादीवर होता. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला आणि उत्तरेची आघाडी काही काळ शांत झाली. शहाजीराजे भोसले आदिलशाही चाकरीत आले. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर ते कर्नाटकाच्या मोहिमांवर गेले आणि बंगळूर त्यांच्याकडे आले. आदिलशाहीचा विस्तार याच वर्षांत सर्वाधिक झाला. त्या दक्षिणेच्या पैशातून महंमदाने स्वतःसाठी जो मकबरा उभारला तोच गोलघुमट. आयुष्यभर चाललेले हे काम तो वारला तेव्हा, १६५६ मध्ये, थांबले. गिलाव्याचा आणि सजावटीचा बराच भाग राहूनच गेला.

इब्राहिम रोजाच्या नाजूकपणाशी स्पर्धा करणे शक्य नव्हते, म्हणून महंमदाने आकाराचा मार्ग धरला असावा. या वास्तूचा रचनाकार म्हणून दाभोळच्या याकूतचे नाव सांगितले जाते. दाभोळ हे तेव्हा आदिलशाहीचे कोकणातले भरभराटीचे बंदर होते. वास्तूची कल्पना अगदी साधी: बाहेरून सुमारे ४७.५ मीटर बाजूचा एक घन, चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि वर अर्धगोल घुमट. आत एकच दालन, सुमारे ४१ मीटर बाजूचे, मध्ये एकही खांब नाही. फरशीचे क्षेत्र जवळजवळ १,७०० चौरस मीटर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आतला ३८ मीटरांच्या जवळपास, भिंत तळाशी सुमारे ३ मीटर जाड. एका घुमटाखाली एवढी सलग जागा झाकणारी वास्तू त्या काळी जगात दुसरी नव्हती. रोमच्या पँथिऑनच्या घुमटाचा व्यास याहून मोठा आहे, पण पँथिऑनचे दालन गोल असल्याने त्याची फरशी लहान भरते.

चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा कसा, या प्रश्नाला दिलेले उत्तर हेच गोलघुमटाचे खरे वैभव. प्रत्येक भिंतीतून उंच कमानी उठतात. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारख्या त्यांच्या रेषा आहेत. अशा आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे वर्तुळ होते. छेदणाऱ्या कमानींच्या मधले भाग आतल्या बाजूला झुकतात. घुमट आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, आणि आत झुकलेले हे प्रचंड दगडी वजन त्याला उलट दिशेने ओढून धरते. दोन्ही जोर एकमेकांना सांभाळतात. विटा आणि चुन्याचा हा घुमट साडेतीन शतकांहून अधिक काळ उभा आहे तो या तोलावर. घुमटाच्या पायथ्याशी आतून सुमारे साडेतीन मीटर रुंदीची फेरी आहे. एका बाजूला भिंतीशी पुटपुटलेले शब्द समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतात, आणि मोठा आवाज अनेकदा घुमून परत येतो. पाहुण्यांना याचेच कौतुक अधिक. खाली चौथऱ्यावर महंमद, त्याच्या बेगमा, रंभा ही त्याची आवडती कलावंतीण, मुलगी आणि नातू यांच्या कबरींची चिन्हे आहेत. खऱ्या कबरी तळघरात.

महंमदाच्याच काळातला असर महाल १६४६ चा. तो न्यायदानासाठी दादमहाल म्हणून बांधला होता. पुढे पैगंबरांचे केस म्हणून जपलेला अवशेष तिथे ठेवला गेला आणि त्याचे नाव बदलले. चार उंच सागवानी खांबांवर पेललेले त्याचे दर्शनी दालन हौदाकडे उघडते. विजापूरच्या लाकडी महालांपैकी एवढाच काय तो नीट उभा राहिला. आदिलशाही ग्रंथालयाची पुस्तके इथे होती. त्यांतली बरीच औरंगजेबाने नेली आणि उरलेली हस्तलिखिते १८५३ मध्ये लंडनला गेली.

महंमदानंतर दुसरा अली आला तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. राज्याची सूत्रे बडी बेगम, गोवळकोंड्याची राजकन्या, हिच्या हाती होती. मोगल उत्तरेकडून दाबत होते आणि पश्चिमेकडे शिवाजी महाराजांनी किल्ल्यामागून किल्ला घेतला होता. १६५९ मध्ये विजापूरहून निघालेला अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. तोरवीच्या वाटेवर अफझलपुऱ्यात त्याने स्वतःसाठी बांधलेला मकबरा रिकामाच आहे. निघण्यापूर्वी त्याने आपल्या बेगमांना बुडवून मारल्याची कथा तिथल्या साठ कबरींवरून सांगितली जाते. ती लोककथा आहे. कोकण, मावळ आणि घाटमाथा हातचा गेला तसा दरबाराच्या उत्पन्नाला ओहोटी लागली. याच अलीच्या पदरी नुसरती हा दख्खनीचा श्रेष्ठ कवी होता, आणि याच अलीने बापाच्या घुमटाहून मोठा मकबरा मनात योजला. तो म्हणजे बाराकमान. विशाल जोत्यावर काळ्या दगडाच्या कमानींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि काम तिथेच थांबले. राज्याकडे उरलेला पैसा आणि वेळ किती होता, याचा हिशेब त्या कमानींनी लिहून ठेवला आहे. जोडगुंबज हे शेजारी शेजारी असलेले दोन मकबरेही या अखेरच्या काळातले. त्यांतला एक खान महंमद आणि त्याचा मुलगा खवासखान यांचा. बापलेक दोघेही दरबारी संघर्षात मारले गेले.

१६७२ मध्ये अली वारला तेव्हा त्याचा मुलगा सिकंदर चार-पाच वर्षांचा होता. दख्खनी, पठाण आणि हबशी सरदारांच्या भांडणांत पुढची चौदा वर्षे गेली. एप्रिल १६८५ मध्ये मोगलांनी शहराला वेढा घातला. तट आणि खंदक यांनी आपले काम चोख केले. वर्षभर शहर पडले नाही आणि बाहेर मोगल छावणीतही दुष्काळाने हाल झाले. जुलै १६८६ मध्ये औरंगजेब स्वतः आला. आत अन्न संपले होते. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदरने शरणागती पत्करली. त्याला गगनमहालात औरंगजेबासमोर आणले गेले, असे परंपरा सांगते. बादशहा दक्षिणेच्या मंगोळी दरवाजाने आत आला आणि त्या दरवाजाचे नाव फतेह झाले. महालातली माणसांची चित्रे पुसून टाकली गेली. सिकंदर कैदेतच १७०० मध्ये वारला आणि त्याला विजापुरात पुरले.

तट तोफांनी फारसा मोडला नव्हता, पण शहर त्यानंतर फार झपाट्याने रिकामे झाले. वेढ्यातला दुष्काळ, दोन वर्षांत आलेली प्लेगची साथ आणि दरबार उठल्याने गेलेला रोजगार यांनी ते ओस पडले. प्लेगमध्ये औरंगजेबाची एक बेगम, औरंगाबादी महल, इथेच वारली. नळ, गंज आणि बोगदे यांची दर वर्षी देखभाल लागते. ती करणारे हात गेले, नळ बुजले, आणि पाण्याविना इथे परत येण्यासारखे कुणाला काही उरले नाही. १७२४ मध्ये विजापूर निजामाकडे गेले. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर ते पेशव्यांकडे आले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८१८ मध्ये ते साताऱ्याच्या छत्रपतींना दिले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर स्वतःकडे घेतले. या दीडशे वर्षांत ओसाड महालांतले सागवान आणि घडीव दगड ज्याला जमेल त्याने नेले. लाकडावर उभे असलेले जवळजवळ सगळे असेच गेले.

इंग्रजांनी १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापूरला हलवले. वस्ती परतली, पण पडके महाल आणि मशिदी कचेऱ्यांसाठी वापरात आल्या. एका मशिदीत टपाल कचेरी भरली, गोलघुमटाच्या आवारातल्या मशिदीचा प्रवासी बंगला झाला. लॉर्ड कर्झनने १९०० नंतरच्या वर्षांत या कचेऱ्या हलवायला लावल्या आणि पुरातत्त्व खात्याकडून दुरुस्त्या झाल्या. त्या खात्यातले हेन्री कझन्स यांनी सगळ्या वास्तूंची मोजमापे आणि नकाशे घेऊन १९१६ मध्ये विजापूरवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढचा सगळा अभ्यास त्याच्या पायावर आहे. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात १८९२ पासून वस्तुसंग्रहालय आहे. त्यात शिलालेख, हस्तलिखिते, शस्त्रे, गालिचे आणि जैन-हिंदू मूर्तीही पाहायला मिळतात.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुरा आहे. दख्खनच्या सुलतानशाहीच्या वास्तू आणि किल्ले या गटात विजापूरच्या वास्तू गुलबर्गा, बिदर आणि हैदराबादच्या वास्तूंबरोबर जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०१४ पासून आहेत. तटाचा बराच भाग उभा असला तरी अनेक ठिकाणी वस्ती त्याला भिडली आहे. ताजबावडीतला गाळ अलीकडच्या वर्षांत काढण्यात आला. तोरवीकडचे बोगदे आणि शहरातले गंज यांच्याकडे मात्र गोलघुमटाकडे जाणाऱ्या गर्दीतला क्वचितच कुणी वळतो.